उपासाला चालणारी तंबाखू

एकादशीच्या दिवशी आमच्या घरात कांदा नुसता चुलीजवळ दिसला, तरी आजी रागे भरत असे. कांदा-लसणाची टोपली आदल्या रात्रीच माळ्यावर जाई. आणि त्याच एकादशीला, पहाटेची काकडआरती आटोपून आलेले आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, ओसरीवर भिंतीला टेकून बसत, कमरेची चंची सोडत आणि तंबाखू मळावयास घेत. डाव्या तळहातावर चिमूटभर पत्ती, तिच्यावर नखाने ठेवलेला चुन्याचा ठिपका, मग उजव्या अंगठ्याने सावकाश मळणे, दोन थापट्या, धुरळा उडवून देणे आणि बार खालच्या ओठात. दिवसभर ते साबुदाण्याला शिवत नसत. भगरही नाही. पाणी आणि तंबाखू एवढ्यावर त्यांची एकादशी होई.

मी लहानपणी एकदा त्यांना विचारले होते, "आप्पा, यानं उपास मोडत नाही का?"

आप्पा हसले. "खुळ्या, तंबाकू काय अन्न हाय व्हय? इठ्ठलाला तिचं वावडं न्हाई."

हे उत्तर मला तेव्हा पटले. पटण्यासारखेच होते, कारण गावातल्या झाडून साऱ्या माळकऱ्यांचे तेच उत्तर होते. दिंडीत मृदंगाच्या थापेबरोबर चंच्या सुटत, भजनाच्या दोन अभंगांच्या मध्ये चुन्याची डबी या हातातून त्या हातात फिरे, आणि कीर्तनकार बुवा उभे राहण्याआधी मंडपाच्या कडेला जाऊन तोंड मोकळे करून येत. 1998 साली आप्पांच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा आला. त्याचे पुढे काय झाले, हे ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना सांगावयास नको. ज्यांच्या घरात झालेले नाही त्यांना दिवाळीच्या दिवसांत सांगू नये. एवढेच सांगतो की शेवटचे चार महिने त्यांना हरिपाठ म्हणता येत नव्हता. तोंड उघडत नसे. उशाशी बसून आम्ही म्हणत असू आणि ते बोटांनी ताल धरत. गेले तेव्हा वय एकसष्ट होते. तेवढ्या वर्षांत दारूचा थेंब नाही, मटणाचा तुकडा नाही, कोणाच्या बांधावरची काडी उचललेली नाही.

फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडणाऱ्या वाचकांना असला विषय रुचणार नाही, हे मी जाणतो. पण ज्या दिवसांत सारे घर एकत्र बसते, त्याच दिवसांत घरातल्या गोष्टी बोलावयाच्या असतात. आणि मला भांडावयाचे आहे तेही घरच्यांशीच.

धर्म माणसाला व्यसनापासून वाचवतो की व्यसनाकडे लोटतो, या वादात आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, धर्म सुटला म्हणून तरुण बिघडले. त्यांना देवळात आणा, सगळे ठीक होईल. दुसरा म्हणतो, देवाधर्माचे खूळ आहे तोवर ना आरोग्य सुधारेल ना समाज. मी या दोघांच्याही व्यासपीठांवर बसून चहा घेतला आहे आणि दोघांनाही माझे म्हणणे आवडलेले नाही.

पहिल्या पक्षाचे जे खरे आहे ते आधी सांगतो, कारण त्याचा मी ऋणी आहे. माझे आजोबा दारू पीत. पिऊन पिऊन त्यांनी विहिरीजवळचा जमिनीचा चांगला तुकडा गहाण टाकला, आणि आजीच्या अंगावरचे किडूकमिडूक गेले ते वेगळेच. मग एका आषाढीला मेहुण्याने त्यांना ओढून पंढरपुरास नेले आणि तिथे त्यांनी माळ घातली. त्यानंतर ते प्यायले नाहीत. डॉक्टर नाही, औषध नाही, दारूबंदीचा शिपाई नाही. एक तुळशीची माळ, आणि ती गळ्यात असताना आपण पिताना दिसलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही, ही लाज. सहा वर्षांत जमीन सुटली. ती सुटली म्हणून माझे वडील शाळेत गेले, आणि ते गेले म्हणून मी आज हे लिहीत आहे. तेव्हा माळेची टिंगल करणाऱ्यांच्या मेळाव्यात मला कोणी बोलावू नये. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले होते. तो डाग त्या माणसाने जन्मभर कीर्तने करकरून पुसला. किती उंबरठे त्यांनी वाचवले असतील, ते मोजणारे कोणी खाते नाही.

पण म्हणूनच माझा राग मोठा आहे. जी माळ दारूसारख्या राक्षसाला आवरू शकते, तिला चिमूटभर पत्ती आवरता येऊ नये? येते. आवरण्याची इच्छा नाही, एवढेच.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आकडे पाहा. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांत शंभरांतले सुमारे 34 तंबाखू घेणारे आढळले, आणि दारू पिणारे सुमारे 14. आता पंजाब घ्या. तिथे तंबाखू घेणारे पुरुष शंभरांत 13, आणि दारू पिणारे 23. चित्र बरोबर उलटे! पंजाबी माणसाचे फुप्फुस काही निराळ्या मातीचे नसते. पण 1699 साली उभ्या राहिलेल्या खालसा पंथाच्या आचारात जी चार मोठी पातके गणली जातात, त्यांत तंबाखू नाव घेऊन बसलेली आहे. निषेध दारूचाही आहे, नाही असे नाही. पण त्या चारांच्या ओळीत ती नाही. केस कापणे जेवढे वाईट, तेवढेच तंबाखू घेणे वाईट, असे ज्या मुलाला आईच्या मांडीवर कळते, तो मोठेपणी पानपट्टीपुढून सरळ निघून जातो.

आणखी एक उदाहरण मिझोरामचे आहे. तिथे चर्चचा शब्द म्हणजे शब्द. चर्चच्या रेट्याने तिथे 1997 साली दारूबंदी अमलात आली, मध्ये ती सैल झाली, 2019 साली पुन्हा आणली गेली. अशा त्या धर्मनिष्ठ राज्यात तंबाखू घेणारे पुरुष शंभरांत 73 आणि बाया 62! त्याच पाहणीतले आकडे आहेत. तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची रीत तिथे आहे. दारूला पाप ठरवणारे चर्च आणि तंबाखूला मुभा देणारे चर्च एकच. याच्या उलट अमेरिकेतल्या युटा प्रांतात मॉर्मन लोकांची वस्ती मोठी. त्यांच्या पंथात 1833 सालापासून दारू आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य. तेव्हा कर्करोगाचा आणि तंबाखूचा संबंध कोणत्याही डॉक्टरला सिद्ध करता आला नव्हता. आणि आज त्या देशात सर्वांत कमी धूम्रपान होते ते युटातच.

कोणी म्हणेल, पंजाबात सगळेच शीख नाहीत आणि महाराष्ट्रात सगळेच माळकरी नाहीत. गरिबी, शिक्षण, बाजार यांचाही हिशेब धरला पाहिजे. धरा की! मी कुठे नको म्हणतो? पण सगळा हिशेब धरूनही एक गोष्ट उरतेच. माणूस किती वेळा देवळात जातो, यावर फारसे काही ठरत नाही. त्याच्या पंथाने कोणत्या वस्तूचे नाव घेऊन 'नाही' म्हटले आहे, आणि ते 'नाही' शेजारीपाजारी मनावर घेतात की नाही, यावर पुष्कळ ठरते. आप्पा पंजाबात जन्मले असते तर कदाचित प्याले असते. इथे जन्मले म्हणून मळत राहिले.

आता आपल्या यादीत तंबाखू का नाही, ते पाहू. कारण हास्यास्पद वाटेल इतके साधे आहे. ज्ञानेश्वरी सांगून झाली 1290 साली. तंबाखू ही अमेरिकेची वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली ती त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. अकबराच्या दरबारातला असद बेग विजापुरास आला होता, त्याला तिथे तंबाखू दिसली. नवलाची चीज म्हणून त्याने ती बादशहाकडे नेली. बादशहाने एक झुरका घेतला आणि हकिमाने लगेच नको म्हटले. पुढे जहांगिराने 1617 साली बंदीचे फर्मान काढले. फर्मानाचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. विजापूर आमच्या पंढरपुरापासून फार तर चार-पाच मजलांवर. म्हणजे आपले आचारधर्म ठरले, कांदा-लसणाचा निवाडा झाला, चातुर्मासात वांगे सोडावयाचे ठरले, दप्तर बांधून ठेवले गेले, आणि मग हा पाहुणा मागच्या दाराने आत आला. त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. वहीत नाही म्हणून दोष नाही, दोष नाही म्हणून उपासाला चालते. असा हा शास्त्रार्थ!

पण थांबा. वहीत नाव नाही, हेही अर्धेच खरे. तुकोबांच्या वेळी तंबाखू आलेली होती आणि त्यांच्या नजरेतून ती सुटली नाही. तंबाखूची नळी तोंडात धरणाऱ्या, स्नानसंध्या सोडून भांगेच्या नादी लागलेल्या ढोंगी साधूंची त्यांनी एका अभंगात खरपूस हजेरी घेतली आहे. गाथा उघडून पाहावी. जो संप्रदाय तुकोबांचा शब्द प्रमाण मानतो, त्याला यापेक्षा निराळे शास्त्र कशाला हवे?

मी हा प्रश्न एका बुवांना विचारला. बुवा मोठे आहेत, विद्वान आहेत, त्यांच्या कीर्तनाला पाच-पाच हजार माणूस लोटते, आणि दारूवर बोलू लागले की बायाबापड्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतात. मी म्हटले, "महाराज, माळ घालताना तुम्ही मांस सोडवता, दारू सोडवता, परस्त्री मातेसमान म्हणवून घेता. त्यातच तंबाखूचे एक वाक्य घाला ना."

बुवा म्हणाले, "तुकोबांचा रोख नळीवर आहे. धूर काढण्यावर."

"आणि मळून खाणे?"

बुवांनी दुसरीकडे पाहिले. मग खाजगीत बोलावे तसे हळूच म्हणाले, "अहो, असे केले तर माळ घालील कोण?"

मी या उत्तराचा आदर करतो, कारण ते खरे होते. ते बोलताना त्यांच्या गालात बार होता, हेही नमूद करतो. पण आजोबांच्या काळी दारू पिणारी माणसे गावात थोडी होती काय? त्या वेळी 'दारू सोडा म्हटले तर माळ घालील कोण' असे म्हणून कोणी मागे फिरले असते, तर आमची जमीन आजही सावकाराकडे असती.

बरे, तंबाखूने काय होते हे आता कोणाला कळावयाचे राहिले आहे असेही नाही. चुना मिसळला की तंबाखूतले विष तोंडाच्या कातडीतून झरझर रक्तात उतरते. म्हणूनच तर मळल्यावर ती 'लागते'. बार जिथे धरला जातो नेमके तिथेच चट्टे उठतात. मुंबईत कर्करोगाचे टाटा रुग्णालय 1941 साली उघडले, तेव्हापासून तिथल्या डॉक्टरांपुढे तोंडाच्या कर्करोगाची रांग आहे. महाराष्ट्र सरकारने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी कागदावर आहे आणि पुडी गल्ल्याखाली आहे. कायद्याचा हात गल्ल्यापर्यंत पोहोचतो, ओठापर्यंत नाही. ओठापर्यंत पोहोचणारा हात एकच आहे आणि तो टाळ वाजवण्यात गुंतला आहे.

आणि बायकांचे काय? पुरुषांच्या तंबाखूला निदान चंची असते, ती दिसते. आमच्याकडच्या बाया तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजतात, तिची पूड करून मिश्री म्हणून दातांना लावतात. दात घासण्याचे नुसते निमित्त. सकाळी लावतात, दुपारी धुणे झाल्यावर लावतात, डोके दुखले की लावतात. गरोदरपणातही ती सुटत नाही आणि मूल कमी वजनाचे जन्मते. ग्रहणात विळी हातात धरू नये, हे पोटुशीला दहा जणी सांगतात. मिश्रीचे एकही सांगत नाही.

सुपारीचे नाव काढले की मात्र माझ्या घरातच माझ्यावर डोळे वटारले जातात. सुपारी म्हणजे साक्षात गणपती. पाटावर तांदळाच्या राशीवर तिची स्थापना करावयाची. लग्न ठरले की सुपारी फुटते, माहूरच्या रेणुकेला तांबूल लागतो, जेवणानंतर विडा नाही तर पंगत अपुरी. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की तंबाखू न घालता नुसती सुपारी चघळली तरीही कर्करोग होतो. आता काय करावे? मी म्हणतो, गणपती म्हणून तिला पाटावर खुशाल बसवा, तिला गंधफूल वाहा, पण देवाला दाढेखाली धरून दिवसभर चघळण्याचा हट्ट कशाला? यावर आमच्या घरात एकमत झालेले नाही. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या विड्यात बडीशेप आणि गुलकंद घालण्यापर्यंत तडजोड आली आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, माझ्या सुधारक मित्रांकडे वळतो. ते म्हणतात, धर्माची बंधने माणसाला प्रामाणिक करत नाहीत, नुसते वेळापत्रक देतात. यासाठी ते गटारीचा दाखला देतात, आणि तो बिनतोड आहे. आषाढातली शेवटची अमावास्या म्हणजे वास्तविक दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडावयाचे, कणकेचे दिवे उकडावयाचे. त्या सुंदर दिवसाला आपण गटाराचे नाव मिळवून दिले! का, तर उद्यापासून श्रावण; महिनाभर प्यावयाचे नाही म्हणून आज महिन्याची उधारी एका रात्रीत फेडून घ्यावयाची. त्या रात्रीचे अपघात, त्या रात्रीच्या मारामाऱ्या पोलिसांना तोंडपाठ असतात. काही माळकरीही मटण खावेसे वाटले की माळ काढून खुंटीला टांगतात आणि हात धुऊन पुन्हा घालतात. देवाशी असला वायदेबाजार करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही.

पण माझे हे मित्र पुढचे पाऊल चुकतात. खुंटीला टांगता येते म्हणून माळच नको, असे ते म्हणतात. मग तिच्या जागी काय? ते म्हणतात, शिक्षण. शिक्षण मी जन्मभर केले आहे. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखू आरोग्यास हानिकारक' असे रंगवून घेणारा मी, आणि त्या भिंतीला टेकून मळणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांना वाचता येत नव्हते काय? पुडीवर सडलेल्या जबड्याचे चित्र छापले, तर लोक चित्र खाली करून पुडी खिशात ठेवतात. माहितीने माणूस हलत नाही, हे कबूल करण्यात सुधारकाला कमीपणा का वाटावा? माझे आजोबा माहितीने सुटले नाहीत. बरोबरीच्या चाळीस माणसांसमोर पांडुरंगाला शब्द दिला, आणि ती चाळीस माणसे रोज संध्याकाळी भजनाला भेटत, म्हणून सुटले. ही चाळीस माणसे तुम्ही कोठून आणणार? माझ्या एका मित्राने व्यसनमुक्तीचे मंडळ काढले. पहिल्या बैठकीला अकरा जण आले, तिसऱ्या बैठकीला अध्यक्ष आणि सतरंजीवाला. इकडे गावात भजनाला रोज पंचवीस डोकी जमतात, पिढ्यान्‌पिढ्या, बोलावणे न पाठवता.

आप्पा गेल्यावर त्यांची माळ त्यांच्याबरोबर गेली. चंची खुंटीवर राहिली. ती कोणी काढली नाही. मेल्या माणसाची वस्तू म्हणून हात लावावयास सगळे कचरत होते. वर्षश्राद्धाच्या सुमारास पाहिले तर ती जागेवर नव्हती. आप्पांचा मुलगा ती कमरेला लावून शेतावर गेला होता. बापाची आठवण, म्हणाला. त्याच्याही गळ्यात माळ आहे.

आता त्याचा मुलगा, माझा पुतण्या म्हणू की नातू म्हणू, एकवीस वर्षांचा आहे. या कार्तिकी एकादशीला पंढरपुरात माळ घालावयाची असे त्याने ठरवले आहे, आणि ती त्याच बुवांच्या हातून. मी त्याच्याबरोबर जाणार आहे. त्याने मला शब्द दिला आहे की बुवा जी वाक्ये म्हणवून घेतील, ती म्हणून झाल्यावर तो स्वतःच्या तोंडाने एक वाक्य जास्तीचे म्हणेल, सगळ्या फडाला ऐकू जाईल अशा आवाजात. बुवांना मी तसे पत्र लिहून कळवले. त्यांचा निरोप आला, 'या, बघू.' भाऊबीज झाली की आम्ही निघू. पोराच्या बापाने अजून बरोबर येण्याचे कबूल केलेले नाही.